कान भाड्यानं दिलेली बाई

तुम्हाला कधी कुणी तासातासाला येऊन विचारलंय का, "दुखतंय का?" म्हणून? घरात नाही विचारत कुणी, ते मला माहीत आहे. तुम्ही अंथरुणाला खिळलात तर विचारतात, आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. मी म्हणते रोज, कामावर, मऊ खुर्चीत बसवून, हातात थंड पाण्याचा पेला देऊन, साखरेच्या आवाजात. विचारलंय? नाही ना? मग या बाईचं नशीब थोर म्हणायचं. तिला असं विचारायला पगारी माणूस ठेवला होता. आणि त्या विचारण्यातच तिचा एक कान गेला.

कारखाना इअरफोनचा. कानाच्या भोकात आत बसणारे, टोकाला रबरी टोपी असलेले. माल बाजारात सोडायच्या आधी तो दुसऱ्या कंपन्यांच्या मालाशी ताडून बघतात. त्यासाठी एक खोली होती. भिंतींना स्पंज, खिडकी नाही, पंखाही नाही, कारण पंख्याचा आवाज होतो. उन्हाळ्यात तिथं माणूस शिजून निघेल, पण इअरफोनला त्रास नको. टेबलावर पांढऱ्या कागदावर तीन जोड मांडलेले. कंपन्यांची नावं खरवडून काढलेली, एकावर लाल ठिपका, एकावर निळा, एकावर पिवळा. यातला मालकाचा कुठला ते कुणाला कळू द्यायचं नाही, असा नियम. सगळ्यांना ठाऊक होतं, लाल. त्या खोलीचे साहेब लाल जोड उचलायचे तो नवजात लेकराला उचलावं तसा, आणि बाकीचे दोन मेल्या उंदरासारखे.

तिथं नावानं हाक नव्हती. ज्याच्या अंगातलं जे कामाचं, त्यावरून हाक. एक जाडजूड गडी होता, त्याला घाम फार यायचा, त्याला कानात इअरफोन घालून पळवायचे. तो घामट. दुसरा ओढ्या. वायर किती ओढली की तुटते, किती पिळली की आतली तार सुटते, पाण्यात बुडवल्यावर काय होतं, हे बघणं त्याचं काम. पूर्वी ओढायला मशीन होतं म्हणे. ते बिघडलं. दुरुस्तीपेक्षा ओढ्या परवडला.

आणि ही बारीककान.

आली होती पॅकिंगच्या कामाला. नवरा लेथवर होता, ते वर्कशॉप बंद पडलं, तेव्हा घरातून हिला कामाला बाहेर काढली. रांगेत उभी होती. साहेब रांगेतून बायकांचे कान बघत चालले होते, बैल घेताना दात बघतात तसे. हिच्यापाशी थांबले. कानाचं भोक एवढं बारीक की करंगळीचं टोक जाणार नाही.

"वा बाई! असाच कान शोधत होतो आम्ही."

आपल्या अंगावरचं काहीतरी कुणी शोधत होतं, हे तिला जन्मात पहिल्यांदा कळलं. घरी येऊन तिनं सांगितलं तर सासू म्हणाली, "कानच ना? मला वाटलं, अक्कल शोधत होते."

साहेबांचं दुखणं वेगळं होतं. लालची कानात जाणारी नळी जाड. निळा आणि पिवळा बारीक कानात अलगद बसायचे, लाल घुसवावा लागायचा. नळी बदलायची तर साचा बदलावा लागणार, आणि साचा तर आधीच करून झाला होता. मग सोपं काय? कान बदला. साहेबांना खोक्यावर एक ओळ छापायची होती: 'लहान कानांनाही दिवसभर आराम'. त्या ओळीसाठी एक लहान कान पाहिजे होता, जो 'आराम' म्हणेल.

आता हिची गोष्ट ऐका. लहान असताना हिचे कान टोचले, तेव्हा बरोबरच्या पोरी किंचाळून पळाल्या. ही बसून राहिली. डोळ्यांतून पाणी आलं, तोंडातून आवाज नाही. तिचा बाप चारचौघांत म्हणाला, "पोर बघा माझी. हूं नाही की चूं नाही." बापानं हिचं कौतुक केलं ते तेवढंच. पुढे बाळंतपणात कळा देताना नर्स म्हणाली, "अशी पाहिजे पेशंट." तेही कौतुकच. या बाईला आयुष्यात ज्या शाबासक्या मिळाल्या, त्या सगळ्या गप्प बसल्याच्या. दुसऱ्या कशाला कुणी शाबास म्हटलंच नाही. मग ती काय शिकणार?

खोलीत तिच्या आधी एक लहान कानाची बाई होती. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "हा लाल टोचतो हो, काढा." दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची रिकामी. तिच्यानंतर कॉलेजातली एक मुलगी आली, तिनंही कुरकुर केली, तीही गेली. बारीककाननं हे आल्या आल्या घामटकडून ऐकलं आणि मनाशी हिशेब पक्का केला. इथं परीक्षा इअरफोनची नाही, आपली आहे. सोसेल तो पास. रडेल तो नापास.

लोक हे ऐकून हसतात. "इतकी कशी बावळट?" म्हणतात. मी त्यांना सांगते, बावळट तुम्ही. तिनं जे ऐकलं त्यातून दुसरा अर्थ काढून दाखवा मला.

तर असं काम चाललं. सकाळी तीनही जोड आळीपाळीनं, मग उरलेला दिवस लाल. एकच गाणं, पुन्हा पुन्हा. एक बाई उंच सुरात गाते, मागं कुणी टाळ्या वाजवतं, शेवटी घुंगरासारखं काहीतरी झिणझिणतं. ते गाणं तिला इतकं पाठ झालं होतं की भाजी चिरताना सुरीसुद्धा त्याच ठेक्यात चालायची. काचेपलीकडून साहेबांचा माणूस साहेबांच्याच साखरेच्या आवाजात विचारायचा:

"आवाज?"

"गोड आहे सर."

"दोन्ही बाजूंनी सारखा येतो?"

"सारखा सर."

"दुखतंय का?"

"नाही सर. बरं आहे."

दहापैकी दहा. साहेब खूश. एकदा मोठे मालक खोली बघायला आले, तर साहेबांनी हिच्या खुर्चीवर हात ठेवून सांगितलं, "ही आमची सगळ्यात चांगली टेस्टर." हिनं घरी जाऊन सांगितलं नाही. सासू काय म्हणेल ते माहीत होतं. पण त्या दिवशी रात्रीच्या जेवणात तिनं स्वतःला एक भाकरी जास्त वाढून घेतली, असं तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना लाजली.

कान मात्र कान होता, बाई नव्हता. त्याला शाबासकीची हौस नव्हती. आधी नुसता लाल झाला. मग आतून सुजला, म्हणजे भोक आणखी बारीक, म्हणजे लाल आणखी जोरानं घुसवायचा. मग पाणी येऊ लागलं. ही सकाळी केसाच्या पिनेला कापूस गुंडाळून पुसायची, वरून केस ओढून घ्यायची आणि कामावर. उशीला डाग पडले तर उशी उलटी करायची. नवऱ्याला वास आला. तो काय म्हणाला? "त्या कुशीवर झोप." बस्स. दुखतंय का, ते नाहीच.

मग उजव्या बाजूचं जग हळूहळू कमी झालं. आधी घुंगरं गेली. मग टाळ्या गेल्या. मग ती गाणारी बाई अर्धी झाली. हिला कळलं नसेल असं समजू नका. कळलं. पण खोलीत विचारलं, "दोन्ही बाजूंनी सारखा?" की उत्तर ठरलेलं. गाणं पाठच होतं. जे ऐकू येत नव्हतं, ते ती आठवून ऐकायची.

कारखान्याआधी घरातल्यांना कळलं. सासूला तर सणच. ती हिच्या उजव्या बाजूला बसून शिव्या मोजायला लागली, हळू आवाजात, अगदी निवांत, जप केल्यासारखी. नवरा आधी दटावायचा. मग त्यालाही हसू फुटायला लागलं. शेजारणीला सासू हळूच सांगायची, "आधी एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडायची. आता सोडायला भोकच नाही, सगळं आत साठतं. फुगेल एक दिवस." शेजारणही हसायची. आणि समोर बसून ही पण हसायची, कारण सगळे हसताहेत म्हणजे काहीतरी विनोद झाला असणार.

हे किती दिवस चाललं असतं कुणास ठाऊक. फुटलं ते ओढ्यामुळं.

ओढ्या दिवसभर वायरी ओढायचा आणि मेलेले जोड एका ट्रेमध्ये टाकायचा. एक दिवस त्यानं एक जोड ओढून ओढून त्याची उजवी बाजू मारली. डावी चालू, उजवी ठार. आणि ट्रे चुकला. तो जोड हिच्या टेबलावर गेला. ओढ्याच्या लक्षात आलं तोवर काचेपलीकडून प्रश्न सुरू झाले होते. तो स्पंजाच्या भिंतीला टेकून ऐकत उभा राहिला. आता ही ओरडणार, आपल्याला शिव्या बसणार, म्हणून मान खाली घालून.

"दोन्ही बाजूंनी सारखा येतो?"

"सारखा सर. एकदम सारखा."

ओढ्यानं मान वर केली. तो शिकलेला नाही, पण मेलेला जोड त्याला कळतो. जेवणाच्या सुट्टीत तो तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुझ्या नवऱ्यानं दुसरी केली म्हणे." ही डबा उघडत राहिली. मग तो डाव्या बाजूला गेला आणि तेच म्हणाला. हिच्या हातातलं झाकण पडलं.

"थट्टा केली गं," ओढ्या म्हणाला. "पण तुझं दुकान अर्धं बंद झालंय, ते सांगितलंस का कुणाला?"

त्याच संध्याकाळी तो तिला आमच्या कामगार संघटनेच्या खोलीवर घेऊन आला. मी तिला तशीच उचलून डॉक्टरकडे नेली. कानाच्या डॉक्टरनं बॅटरीचा उजेड आत मारला, बघितलं, बॅटरी विझवली. उजवा पडदा गेला. गेला तो परत येणार नाही. मग डावा बघितला. "हाही त्याच वाटेवर आहे. पण हा वाचेल. आजपासून यात काही घालायचं नाही, बोट नाही, पिन नाही, काहीही नाही. घातलंत तर दोन्ही गेले समजा."

म्हणजे प्रश्न एकच उरला. डावा कान. तो राहतो की जातो.

नोकरी सोड म्हणणं सोपं. घरात चूल तिच्यावर पेटत होती. रस्ता होता तो एकच: खोलीतून काढून पॅकिंगला घालायचं. कारखान्याचा नियम असा की टेस्टरला खोली सोडायची तर त्यानं साहेबासमोर तोंडानं कारण सांगायचं. बस. एक शब्द. 'दुखतं.'

मी तिच्याबरोबर गेले. साहेबानं खुर्ची दिली, पाणी दिलं, मला मॅडम म्हणाला. मी घडाघडा सगळं मांडलं. त्यानं शांतपणे ऐकलं, आणि माझ्याकडे न बघता तिच्याकडे वळून, त्याच साखरेच्या आवाजात विचारलं:

"बाई, दुखतंय का?"

"नाही सर. बरं आहे."

साहेबानं माझ्याकडे बघून हात पसरले. काय करू मॅडम?

बाहेर आल्यावर मी तिला फाटकापाशी झोडली, शब्दांनी. "तोंडात जीभ आहे का लाकूड? मी तिथं घसा फोडते आणि तू बरं आहे म्हणतेस? कान तुझा का माझा?"

ती मान खाली घालून म्हणाली, "ताई, त्यांनी त्याच आवाजात विचारलं ओ. त्या आवाजाला माझ्या तोंडातून दुसरं निघतच नाही."

मग आम्ही तालीम घेतली. हसू नका, खरंच घेतली. संघटनेच्या खोलीत ओढ्या साहेब झाला, खुर्चीत पाय पसरून बसला, घशात साखर आणून म्हणाला, "बाई, दुखतंय का?"

"नाही सर."

"अगं, मी ओढ्या आहे!"

"मग तसं विचारू नकोस ना."

मी तिच्या दंडाला कडकडून चिमटा घेतला. "दुखतंय?"

"नाही ताई." दंडावर वळ उठला होता.

ओढ्या म्हणाला, "हिला विहिरीत ढकललं आणि वरून विचारलं, तर म्हणेल, पाणी छान आहे."

ती हसली. मग हसता हसता थांबली, आणि म्हणाली, "एकदा बोलले ना ताई, तर आतापर्यंतचं सगळं वाया गेलं असं होईल. मग मी सोसलं कशाला?"

मी म्हटलं, "ऐकायला एक बाजू तरी ठेव. सासू मरेल तेव्हा कुणीतरी सांगितलेलं ऐकू यायला पाहिजे." तेव्हा ती खरी हसली. आणि म्हणाली, "उद्या बोलते."

दुसऱ्या दिवशी साहेबानं पुन्हा विचारलं. तोच आवाज. तिनं उजव्या कानावर ओढलेले केस मागे सारले. मग ती म्हणाली, "दुखतं."

साहेब म्हणाला, "काय?"

"दुखतं सर. पहिल्या दिवसापासून दुखतं. निळा नाही दुखत. पिवळा नाही दुखत. लाल दुखतो. घालताना दुखतो, काढताना त्याहून दुखतो. घरी गेल्यावर पण आत काढल्यासारखा वाटत नाही." एकदा बांध फुटला तो फुटलाच. बाळंतपणात दुखलं होतं, तेही तिनं त्या साहेबाला सांगितलं. कान टोचतानाचं सांगितलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

साहेबाच्या डोळ्यांत काहीच आलं नाही. तो खुर्चीत मागे टेकला. "म्हणजे बाई, इतके दिवस तुम्ही आमच्याशी खोटं बोलत होता?"

तो माझ्याकडे वळला.

"आम्ही रोज विचारत होतो. तासातासाला विचारत होतो. कुठल्या कारखान्यात विचारतात, मॅडम, तुम्हीच सांगा. आणि ह्या रोज तोंडावर खोटं बोलल्या."

मी टेबलावर हात आपटला, पाण्याचा पेला सांडला, जे बोलायचं ते बोलले. ते इथं छापता येणार नाही. पण खरं सांगते, तो माणूस त्या क्षणी कायद्यात बसत होता आणि आम्ही दोघी नव्हतो.

त्यानं खोलीतल्या सगळ्यांना बोलावलं. घामट, ओढ्या, सगळे भिंतीला लागून उभे. साहेब म्हणाला, "या बाईंच्या खोट्या उत्तरांमुळं सगळी टेस्ट बाद झाली. खोली आजपासून बंद. आता बाहेरच्या एजन्सीकडून करून घेऊ. ज्यांचं काम गेलं त्यांनी यांचे आभार माना."

मला वाटलं, ओढ्या तरी पुढं येईल. त्यानंच आणली होती ना तिला? तो पुढं आलाच. तिच्या समोर उभा राहिला. तालमीत साहेब झालेला तो माणूस म्हणाला, "इतकं सोसलंस, अजून थोडं सोसलं असतंस तर काय गेलं असतं गं तुझं? एकच कान तर राहिला होता." आणि तो मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला उभा राहून बोलला. ऐकू जावं म्हणून.

पॅकिंगचं काय झालं विचाराल. मीही विचारलं. साहेब म्हणाला, तिथं मशीनची घंटा वाजली की हात मागे घ्यावा लागतो, दोन्ही कान धड पाहिजेत. सुरक्षेचा प्रश्न आहे मॅडम. एका कानाची बाई आम्ही मशीनवर कशी ठेवू? आम्हाला माणसाची काळजी आहे.

तर डावा कान वाचला. ती आता उंच इमारतींचे जिने पुसते. घरी सासूनं नवीन खेळ काढला आहे: ही 'दुखतं' म्हणायला शिकली ना, मग ही कंबर धरून उठली तरी सासू ओरडते, "आली बघा दुखणेकरीण. कान देऊन तोंड घेतलं हिनं." नवरा आता हसत नाही, पण बोलतही नाही. ओढ्या रस्त्यात भेटला तर दुसरीकडून जातो. आणि लाल ठिपका बाजारात आला. नळी तेवढीच जाड. खोक्यावर तीच ओळ. दुकानात ते खोकं पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तिनं ते वाचलं, उलटं करून पुन्हा वाचलं, आणि मला म्हणाली, "ताई, हे मीच म्हटलं होतं ना?"

आम्ही दावा लावला आहे. समोरचा वकील एकच वाक्य घेऊन बसलाय: बाई रोज 'बरं आहे' म्हणत होत्या. लाल दुखत होता तर एकट्या त्यांनाच कसा? मला ठाऊक आहे, तो बाकीच्यांनाही दुखला. त्या खोलीत तिच्याआधी बसलेल्या बायका, जिला लाल टोचला आणि जिला दुसऱ्या दिवशी परत बोलावलं नाही ती, ती कॉलेजातली मुलगी, आणि ज्यांनी दात आवळून 'बरं आहे' म्हटलं तेही सगळे, कुठंतरी आहेत. यातलं कुणी हे वाचत असेल, किंवा तुमच्या शेजारी राहत असेल, तर त्यांना घेऊन आमच्या खोलीवर या. येताना लाजू नका, ती रागावणार नाही. फक्त तिच्याशी बोलताना डाव्या बाजूला बसा, आणि तुम्हाला दुखलं होतं ते तिच्या तोंडावर, मोठ्यानं सांगा.